काठ

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमच्या घरी एक बेडूक राहायला आला. उड्या मारत आला नाही. काचेच्या पेटीत बसून, रिक्षाने आला. आमची भाची एम. ए. करण्यासाठी आमच्याकडे, भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कात राहते. तिची एक मैत्रीण पुढील शिक्षणासाठी परदेशी निघाली आणि जाताना आपला हा ठेवा तिच्या स्वाधीन करून गेली. बेडूक ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकांपैकी. मुठीत मावेल एवढा, जाडजूड, आणि चेहऱ्यावर निवृत्त मुख्याध्यापकाची तृप्ती. पाळीव जोडीपासून जन्मलेला आहे, रानातून धरलेला नव्हे, अशी ग्वाहीही त्याच्यासोबत आली होती. चार दिवस गेले आणि भाचीने मागणी मांडली. पेटीत पाण्याचा एक छोटा धबधबा बसवायचा. खर्च मामांनी करायचा.

साहित्यचर्चेच्या या जागी अशी घरगुती गोष्ट काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण त्या धबधब्याच्या निमित्ताने आम्हांला जे उमगले त्याचा साहित्याशी संबंध आहे. निदान साहित्य शिकवणाऱ्या माणसाच्या एका जुन्या खोडीशी तरी नक्कीच आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. बेडकाला पाणी लागते हे सर्वांना ठाऊक असते. त्याला पाण्याचा काठ लागतो हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. पेटी सजवणाऱ्यांच्या येत नाही, गाव वसवणाऱ्यांच्या येत नाही, आणि बेडकाची उपमा वापरणाऱ्या आम्हा मंडळींच्याही सहसा येत नाही.

मागणी ऐकताच आम्ही होकार दिला, हे कबूल केले पाहिजे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले मंडूकसूक्त आम्ही वर्गात अनेकदा समजावून दिलेले आहे. बेडूक म्हटला की वरून कोसळणारे पाणी हे समीकरण आमच्या डोक्यात इतके पक्के बसले होते, की धारेविना बेडूक म्हणजे आम्हांला एक अपुरे वाक्य वाटले. पाळीव प्राण्यांच्या एका दुकानातला मुलगा येऊन अर्ध्या दिवसात काम करून गेला. थर्माकोल कोरून आणि वरून सिमेंटचा हात देऊन केलेला कडा, कड्यामागे लपवलेला माशांच्या टाकीतला पंप, बोटभर रुंद धार, खाली वीतभर खोल कुंड, आणि कुंडाच्या तळाशी निळा दिवा. कुंडाच्या चारही बाजू सरळ उभ्या आणि गुळगुळीत. दिसायला प्रकरण फार देखणे होते. शेजारची मंडळी पाहायला आली, चहा झाला, फोटो निघाले. बेडूक मात्र त्या दिवसापासून पेटीच्या विरुद्ध कोपऱ्यात, काचेला चिकटून, धबधब्याकडे पाठ करून बसला.

आठवडाभरात पेटीतली माती भिजून चिखल झाली आणि तिला वास येऊ लागला. बेडकाने रातकिडे खाणे सोडले. पंपाची बारीक घरघर आम्हांला दिवसा ऐकू येत नसे; रात्री घर निजल्यावर ती काचेतून, टेबलातून जाणवे. अशाच एका रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तेव्हा निळ्या उजेडात बेडूक कुंडात दिसला. नाक वर काढून तो भिंतीला भिडला होता आणि पुढचे पाय त्या गुळगुळीत सिमेंटवरून पुन्हापुन्हा निसटत होते. केव्हापासून ते चालले होते, सांगता येत नाही. भाचीला हाक मारली. तिने हात घालून त्याला बाहेर काढले, पंपाचे बटण बंद केले, आणि आम्ही दोघे पहाटेपर्यंत त्या पेटीसमोर बसून राहिलो. बेडूक वाचला. आमचे समीकरण वाचले नाही.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत आम्ही पशुवैद्यांना विचारले, मिळेल ते वाचले. जे कळले ते प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला सामान्य वाटेल. आमच्या पिढीतल्या साहित्याच्या विद्यार्थ्याने बेडूक पाहिला तो शाळा-कॉलेजात, मेणाच्या ताटलीत टाचण्या टोचलेला. तेव्हा त्याचे हृदय कुठे असते हे पाठ केले. तो पाणी कसे पितो हे कोणी सांगितले नाही. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. तो पाण्यात बसतो, आणि पोटाच्या खालच्या, मागच्या मांड्यांमधल्या कातडीतून पाणी आत घेतो. श्वासाचा काही भागही तो ओल्या कातडीतूनच घेतो. म्हणजे पाण्यात जे असेल ते सरळ त्याच्या अंगात जाते. नळाच्या पाण्यातले क्लोरिन आपल्या पोटाला चालते, त्याच्या कातडीला चालत नाही. उघड्या भांड्यात दिवसभर ठेवलेल्या पाण्यातून क्लोरिन उडून जाते. पण क्लोरिनऐवजी क्लोरामाइन वापरलेले असेल तर ते असे उडत नाही, त्यासाठी माशांच्या दुकानात मिळणारे अँटिक्लोरिन घालावे लागते. ताज्या सिमेंटमधला चुनाही पाण्यात उतरतो. बेडूक ज्या पाण्यात बसतो त्यातच घाण करतो, त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे सूक्ष्म जीव नव्या पाण्यात नसतात. त्यांची वस्ती जमायला काही आठवडे लागतात. आणि पंप काय करतो? तेच पाणी पुन्हापुन्हा वर चढवतो. ते खळाळते म्हणून आपल्याला ताजे वाटते. प्रत्यक्षात ते दिवसेंदिवस शिळे होत गेलेले असते.

हे वाचत असताना बाशोची 1686 सालची ती प्रसिद्ध बेडकाची हायकू आठवली. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठी वाचकाच्या ओळखीची झाली, आणि ही रचना तर सर्वांच्याच. तिच्यातल्या तळ्याला 'जुने' हे विशेषण आहे, आणि त्या विशेषणावर आम्ही वर्गात कालाविषयी, मौनाविषयी, झेन परंपरेविषयी तास घेतलेले आहेत. ते चुकले असे नाही. परंतु तळे जुने असल्याखेरीज बेडकाला त्यात उडी मारणे हिताचे नसते, ही साधी गोष्ट त्या तासांत एकदाही आली नव्हती.

भाचीने मात्र आमचा पश्चात्ताप जसाच्या तसा स्वीकारला नाही. ती म्हणाली, "मामा, तुम्ही उगाच धबधब्यावर राग काढताय. चूक धारेची नाही, कुंडाची आहे." तिचे म्हणणे न्याय्य होते, म्हणून ते इथे नीट मांडतो. पेटीत वाहते पाणी हवेच असेल तर ते करण्याची रीत आहे. तळाशी भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा थर, त्यावर बारीक जाळी, आणि जाळीवर नारळाच्या भुशाची माती. म्हणजे जादा पाणी खाली झिरपते आणि माती ओलसर राहते, चिखल होत नाही. पंप वेगळ्या कप्प्यात, त्याच्या तोंडाला स्पंज, म्हणजे पाय ओढला जाण्याची भीती नाही. धार इतकी मंद की ती दगडावरून ओघळावी, पडू नये. पाण्याची खोली बसलेल्या बेडकाच्या हनुवटीपेक्षा जास्त नको. आणि मुख्य म्हणजे पाण्याची एक बाजू तरी उतरती, खडबडीत, गोट्यांची. ज्या बाजूने बेडूक चालत आत जाईल आणि चालत बाहेर येईल. असे केले तर वाहत्या पाण्याचे फायदेही आहेत: पेटीत दमटपणा टिकतो, आणि हलत्या पाण्यात डास सहसा अंडी घालत नाहीत.

शिवाय सगळे बेडूक एका जातीचे नसतात. आपल्या सह्याद्रीतच ओढ्याच्या आश्रयाने जगणारे बेडूक आहेत. त्यांतल्या एकाला 1955 साली मुंबईचे निसर्ग-अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्या सन्मानार्थ हुमायूनी हे नाव मिळाले. त्याची मादी ओढ्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालते आणि त्यातून निघालेली पिल्ले खाली पाण्यात पडतात. याच अब्दुलअलींनी पुढे बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध लेखणी झिजवली, आणि 1987 साली भारताने ती निर्यात बंद केली. अशा ओढ्याच्या बेडकाला धार हवी असते. पण तो सह्याद्रीतच असायला हवा, आमच्या दिवाणखान्यात नव्हे. आमच्या वाट्याला आलेला झाडबेडूक रात्री उतरून उथळ पाण्यात बसणारा. त्याच्या दृष्टीने धबधबा ही एक गोंगाट करणारी भिंत होती.

तेव्हा भाचीच्या दुरुस्तीनंतर आमचे मत असे उरते. वाहते पाणी आपल्या डोळ्यांसाठी असते, उतरता काठ बेडकासाठी असतो. दोन्ही साधत असतील तर उत्तम, एकच साधत असेल तर काठ निवडावा. गैरसोय एवढीच, की काठाचा फोटो चांगला येत नाही.

आता साहित्याकडे वळतो. आपल्या भाषेने बेडकाला जी वागणूक दिली ती पाहण्यासारखी आहे. कूपमंडूक हा शब्द आपण संकुचित दृष्टीच्या माणसाला लावतो. एका विद्यार्थ्याच्या निबंधावर शेरा म्हणून आम्ही तो लिहिलेलाही आहे. पण विहिरीतल्या बेडकाचा अपराध कोणता? आपल्याकडे आड आणि बारव यांत फरक करतात. बारवेला पायऱ्या असतात; माणूस पाण्यापर्यंत उतरतो, बेडूक पाण्यातून वर येतो. आडाच्या भिंती उभ्या आणि बांधीव. त्यात पडलेल्या बेडकाने समुद्राच्या गोष्टीवर विश्वास ठेवला नाही म्हणून आपण हसतो. त्याला वर येण्याची वाट गवंड्यानेच ठेवली नव्हती, हे विसरतो. त्या रात्री कुंडाच्या भिंतीवरून निसटणारे पाय पाहिल्यापासून तो शेरा आम्ही पुन्हा लिहिलेला नाही.

पंचतंत्रकार या बाबतीत अधिक सावध होता. त्याच्या चौथ्या तंत्रात गंगदत्त नावाचा बेडूकराजा भाऊबंदांच्या छळाला कंटाळून विहिरीबाहेर पडतो, आणि सूड घेण्यासाठी प्रियदर्शन नावाच्या सापाला आत घेऊन येतो. गोष्टीचे तात्पर्य आपण सर्वांनी शिकवले आहे. पण गंगदत्त बाहेर पडतो कसा? रहाटगाडग्याच्या आधाराने. राजा असला तरी बेडूक उभ्या भिंतीवरून चढणार कसा, हा प्रश्न कथाकाराला पडला आणि त्याने सोय केली. नीतिकथेत एवढी व्यवहारी काळजी घेणाऱ्या लेखकाबद्दल आम्हांला नव्याने आदर वाटू लागला आहे.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात कमळकंद आणि बेडूक एकाच घरी नांदतात. पराग भुंगा दुरून येऊन सेवतो आणि शेजाऱ्याला चिखल तेवढा उरतो. दृष्टान्ताचा रोख स्पष्ट आहे: अगदी जवळ असूनही माणसाला परमार्थ दिसत नाही. त्या रोखाशी वाद घालण्याचे आमचे धारिष्ट नाही आणि कारणही नाही, कारण दृष्टान्त माणसासाठी आहे. फक्त आमच्यासारख्या अध्यापकाने तो शिकवताना एक वाक्य पुढे जोडायला हरकत नसावी. बेडकाच्या बाजूने पाहिले तर चिखल हा उरलासुरला वाटा नव्हे. उन्हाळ्यात आपल्याकडचे कित्येक बेडूक त्याच मातीत स्वतःला पुरून घेतात आणि पहिल्या मोठ्या पावसाची वाट पाहतात. त्याचा प्राण चिखलातच राहिलेला असतो.

आणि हे ज्याने पाहिले होते तो कवी मंडूकसूक्ताचा. वर्षभर मौन पाळून पडलेले बेडूक, कोरड्या तळ्यात सुकलेल्या कातडी पखालीसारखे. मग वरून पाणी आले आणि ते बोलू लागले. एकाचा आवाज गाईसारखा, एकाचा बोकडासारखा. एक ठिपक्यांचा, एक हिरवा. नाव एकच, रूपे वेगवेगळी. गुरूच्या मागोमाग शिष्याने घोकावे तसा एक दुसऱ्याचा शब्द उचलतो. हे सूक्त पुरोहितांची थट्टा आहे की पाऊस पाडण्यासाठीचे आवाहन, यावर पंडितांचा वाद जुना आहे. मॅक्स म्युलर पहिल्या पक्षाचे. आम्ही वर्गात नेहमी तोच वाद रंगवत आलो. वादाच्या दोन्ही बाजू एक गोष्ट सोडून देतात, ती अशी की हा कवी तळ्याच्या काठावर उभा राहिलेला आहे. त्याने रंग मोजले आहेत, आवाज वेगळे केले आहेत. त्याची उपमा टिकली ती त्यामुळे. पूर्वी विदर्भ-मराठवाड्यात पाऊस लांबला की कडुनिंबाच्या डहाळ्यांत बेडूक बांधून, तो मुसळाला लटकवून 'धोंडी' मागत दारोदार फिरत. त्यातही बेडकाची फरफट आहेच; पण घरोघरच्या बायका निदान त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतत. आमच्या लेखनातल्या बेडकाच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

येथे आम्ही स्वतःलाही धरतो. विद्यार्थ्यांच्या कविता आमच्याकडे येतात; त्यांत दर दुसऱ्या पानावर पाऊस पडतो. तो कुठे साचतो, कुठून वाट काढतो, कोणाच्या घरात शिरतो आणि कोणाच्या शेतात थांबतो, हे क्वचित लिहिलेले असते. पाऊस धबधब्यासारखा मागे चालू ठेवलेला असतो, पुढे नायक-नायिका बसलेले असतात. याच्या उलट 'बनगरवाडी' आठवावी. माडगूळकरांच्या त्या कादंबरीत पाणी नाही ही एकच गोष्ट अखेरीस सारे गाव उठवून लावते; तेथे पाणी सजावटीला आलेले नाही, त्याच्यावर माणसे जगतात किंवा मोडतात. दुर्गाबाईंचे 1956 चे 'ऋतुचक्र' महिन्यामहिन्याने पाहत जाते, म्हणून त्यातला आषाढ श्रावणासारखा होत नाही. निसर्ग लिहिणे आणि निसर्ग मांडून ठेवणे यांतला भेद समीक्षेच्या परिभाषेत सांगता येईल. आम्हांला तो पंपाच्या घरघरीतून कळला, एवढेच.

गोष्ट येथे संपली असती तर ती एका मामाच्या फजितीची गोष्ट ठरली असती. पण पेटी आमच्या खिडकीशी होती आणि खिडकीबाहेर जेसल पार्क होता.

आमची वस्ती वसईच्या खाडीच्या तोंडावर आहे. चौपाटीवर उभे राहिले की समोर खाडी, बाजूला रेल्वेचे पूल, आणि मनात आणले तर जुनी मिठागरे. भरपूर पाणी, पण ते खारे. आपल्याकडच्या बेडकांना खारे पाणी मानवत नाही, कातडीतून त्यांच्याच अंगातले पाणी ते ओढून घेते. गंमत अशी, की ही खाडी म्हणजे उल्हास नदीचे समुद्राला मिळणारे मुख. आणि मिरा-भाईंदरच्या नळांना वर्षानुवर्षे जे पाणी आले त्यातला मोठा वाटा शहाड-टेमघर योजनेतून उचललेला, म्हणजे उल्हासचाच. तीच नदी नळातून क्लोरिन घालून घरात येते आणि चौपाटीवर मीठ घेऊन भेटते. या दोन्हींच्या मध्ये जे गोडे, उथळ, चार महिन्यांचे पाणी मोकळ्या भूखंडांवर साचे, बेडकाचे पाणी तेवढेच.

आमच्या इमारतीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून, अशी एक पट्टी होती. रुंदी जेमतेम दोन पावले. पावसाळ्यात तिथे घोटाभर पाणी राही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रात्री तिथून जो गजर उठे त्याने नवे भाडेकरू दचकून जागे होत. पहाटे खिडकीतून पाहिले तर लिंबासारखे पिवळेधमक झालेले मोठे नर, गालांखाली निळे फुगे काढून ओरडताना दिसत. चार दिवसांचा हा उत्सव. पुढे पाण्यात काळ्या ठिपक्यांची वळवळ, आणि श्रावणात नखाएवढी पिल्ले जिन्यापर्यंत येत.

गेल्या वर्षी मार्चमध्ये सोसायटीच्या सभेत त्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवायचा आणि दर्शनी फाटकापाशी एक छोटे कारंजे करायचे असा ठराव आला. चिखल होतो, डास होतात, दुचाक्या लावता येत नाहीत. ठराव एकमताने संमत झाला. एकमताने म्हणजे आमच्याही मताने. कागदावर आमची सही आहे. एप्रिलमध्ये काम उरकले. पावसाआधी उरकणे सोयीचे असते, माती कोरडी असते. आणि त्याच महिन्यांत बेडूक मातीच्या आत असतात. हे दोन तपशील शेजारी ठेवून पाहायला आम्हांला जुलै उजाडला. पहिला मोठा पाऊस होऊन गेला, त्या रात्री आम्ही सवयीने जागे राहिलो. मागून पन्हळीचे पाणी ब्लॉकवर आपटण्याचा आवाज तेवढा येत होता, फाटकापाशी कारंजे चालू होते, आणि घरात ऑस्ट्रेलियाचा बेडूक ताटलीत बसला होता. भाचीने विचारले, "मामा, या वर्षी ते ओरडले नाहीत का?" आम्ही काही उत्तर दिले नाही.

डासांचा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ज्या घरात डेंग्यूने माणूस रुग्णालयात गेले आहे त्या घराला बेडकाचे सूक्त ऐकवू नये. बेडूक असले म्हणजे डास नाहीसे होतात असा सोपा दावाही आम्ही करणार नाही. पण डेंग्यूचा डास प्रामुख्याने पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या, टाकून दिलेली टायरे, गच्चीवरच्या उघड्या टाक्या अशा भांड्यांतल्या साचल्या पाण्यात वाढतो. मागच्या पट्टीवर फरशी घालताना आमच्या गच्चीवरच्या टाकीचे झाकण फुटलेले होते आणि ते सभेच्या विषयपत्रिकेवर नव्हते. भीती खरी होती, तिच्यावरचा उपाय मात्र दिसायला बरा म्हणून निवडलेला होता. धबधब्याचेही असेच झाले होते.

कोणी म्हणेल, तुम्हांला बेडकांचा एवढा कळवळा आहे तर घरातला सोडून द्या त्या पट्टीत. हे मात्र मुळीच करू नये. ऑस्ट्रेलियाने 1935 साली उसावरचे किडे खाण्यासाठी अमेरिका खंडातला एक मोठा भेक आणून सोडला आणि त्याचे परिणाम तो देश आजही भोगतो आहे. आपलाच तो पिवळा होणारा मोठा बेडूक अंदमानात आणि मादागास्करात जाऊन तिथल्या जीवांच्या मुळावर उठला आहे. शिवाय ज्या बुरशीने जगभरच्या बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या ती पाळीव बेडकांच्या व्यापारातूनही पसरली आहे. पेटीतले वापरलेले पाणीसुद्धा ओढ्यानाल्यात ओतू नये. म्हणजे आता हा पाहुणा त्याच्या मरणापर्यंत आमचा आहे. हे बेडूक चांगली निगा असली तर पंधरा वर्षेही जगतात. आम्ही निवृत्त होऊ तेव्हाही तो असेल. एरवी आमचा सल्ला विचारणाऱ्याला आम्ही सांगू, की बेडूक पाळूच नये. पाळलाच असेल तर त्याच्यासाठी नायगारा उभारू नये.

कुंड, कडा आणि निळा दिवा आम्ही काढून टाकला. त्या जागी मातीची एक पसरट थाळी आहे. तिच्या एका बाजूला चौपाटीवरचे नव्हेत, विकत आणून उकळून घेतलेले गोटे उतरते लावले आहेत. पाणी दोन बोटे. रोज रात्री भाची थाळी धुते, उतरवलेले पाणी भरते, दिवा मालवते. दहा-पंधरा मिनिटांनी बेडूक काचेवरून खाली येतो, गोट्यांवरून चालत पाण्यात जातो आणि पोट टेकून बसतो. पाहण्यासारखे त्यात काही नाही. शेजारचे कोणी आता येत नाही.

सोसायटीकडे आम्ही अर्ज दिला आहे: मागच्या पट्टीतल्या ब्लॉकच्या दोन ओळी उचलाव्यात, तेवढी माती उघडी ठेवावी, भिंतीकडून तिला उतार द्यावा, आणि गच्चीवरच्या टाकीला झाकण बसवावे. झाकण बसले. उरलेले विचाराधीन आहे. पुढच्या सभेत विषय येईल तेव्हा आम्हांला मंडूकसूक्तावर बोलायचा मोह होईल, तो आवरायचे ठरवले आहे. मातीला उतार किती असावा, एवढेच सांगू.